काचेतला शेजार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

शतपथ ब्राह्मणात मनूची एक गोष्ट आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यातून त्याच्या हातात एक इवलासा मासा येतो. मला सांभाळ, मी तुला तारीन, असं तो मासा म्हणतो. पुढचा प्रलय, ती नौका, ते डोंगराचं शिखर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या कथेतला मधला भाग आवडतो. आम्ही लहान असतो तोवर आमचा फार संहार होतो, कारण मासाच माशाला गिळतो, असं तो इवला जीव सांगतो. म्हणून आधी मला मडक्यात ठेव, मडकं पुरेना झालं की खड्डा खणून त्यात ठेव, आणि खड्डाही पुरेना झाला की समुद्रात सोड.

मासे पाळणाऱ्याला याहून नेमका सल्ला आजही कोणी देत नाही. मोठ्या तोंडापासून लहान अंग दूर ठेवा, आणि मासा वाढतो हे विसरू नका. कौटिल्याने या गिळण्याला राज्यशास्त्रात जागा दिली आणि आपल्याला 'मत्स्यन्याय' हा शब्द मिळाला. राजाचा दंड नसेल तर मोठे लहानांना खातात, असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की घरातल्या काचेच्या टाकीत मत्स्यन्याय चालू द्यायचा नाही असं माणसाने ठरवलं आणि दीड-पावणेदोनशे वर्षं त्यासाठी खटपट केली. कोणाशेजारी कोण राहू शकेल, या खटपटीची ही हकिगत आहे.

मी काही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कोकणात खाडीकाठच्या गावी जन्मलो, तेव्हा मासा म्हणजे 'म्हावरं', आणि म्हावऱ्याचा शेजार म्हणजे ताटातला भात. मासा न खाता नुसता बघायचा असतो ही कल्पना मुंबईत आल्यावर कळली. पण गेली वीसेक वर्षं माझ्या घरात एक टाकी आहे, आणि तिच्यासमोर बसून जेवढं वाचन झालं तेवढं पदवीच्या तीन वर्षांत झालं नाही.

शोभेचा मासा पाळण्याचा मान चीनकडे जातो. तिथे सुंग राजवटीत तळ्यांमध्ये सोनेरी-तांबड्या माशांची निगुतीने पैदास होऊ लागली, आणि मिंग काळात हे मासे तळ्यातून घरातल्या कुंड्यांत आले. पण तिथे आपला प्रश्न उद्भवतच नव्हता. गोल्डफिशच्या शेजारी गोल्डफिशच. एकाच घराण्यातली माणसं एका वाड्यात. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला आणि काचेच्या गोल भांड्यात एकटा फिरू लागला. पाणी रोज बदलायचं, आणि तरीही तो फार दिवस टिकायचा नाही.

तो का टिकत नाही, हा प्रश्न लंडनमध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाला पडला. साल १८४९. त्याने बारा गॅलनचं एक काचेचं भांडं घेतलं, तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. त्याचा हिशेब सरळ होता. मासा श्वासातून जे टाकतो ते वनस्पती घेईल, वनस्पती जो प्राणवायू सोडेल तो मासा घेईल. काही काळ हिशेब जमला. मग वनस्पतीची जुनी पानं सडू लागली, काचेवर शेवाळ चढलं, पाणी गढूळ झालं. दोघांचा संसार मोडायला आला.

वॉरिंग्टनने काय करावं? त्याने पाणी बदललं नाही. डबक्यात काय होतं ते त्याने पाहिलं होतं. त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी सडकी पानं आणि चिकट शेवाळ खाऊन टाकलं, पाणी निवळलं, आणि वर त्यांनी घातलेली अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. १८५० साली त्याने हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. ॲक्वेरियमच्या इतिहासात हा निबंध पाया मानतात. माझ्या लेखी त्याचं मोल थोडं निराळं आहे. माशासाठी जाणीवपूर्वक निवडलेला पहिला सोबती, ज्याची नोंद शास्त्राच्या दप्तरात आहे, तो मासा नव्हताच. ती एक कुरूप, मंद, कोणी मुद्दाम विकत घेणार नाही अशी गोगलगाय होती.

वॉरिंग्टनच्या आधीही काचेत पाणजीव ठेवणारे होते, हे सांगायलाच हवं. सिसिलीत मेसिना इथे जान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच बाई १८३०च्या दशकात काचेच्या पेट्यांमध्ये आर्गोनॉट हा अष्टपाद पाळून अभ्यास करत होती. आर्गोनॉट आपलं शिंपल्यासारखं घर स्वतः बांधतो, दुसऱ्याचं बळकावत नाही, हे तिने सिद्ध केलं. ही बाई मूळची शिवणकाम करणारी. तिच्या संशोधनाची बरीचशी कागदपत्रं १८३८ साली जहाजाबरोबर बुडाली. तिचं नाव आपल्याकडे पाठ्यपुस्तकात यायला हवं होतं, पण तो वेगळा विषय.

इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाक्यांची साथच पसरली. बायका-मुलं बादल्या आणि छिन्न्या घेऊन समुद्रकाठी निघाली. खडकांतल्या डबक्यांमधली समुद्रफुलं, खेकडे, लहान मासे, जे हाती लागेल ते घरी आलं. कोण कोणाबरोबर राहील याचा विचार करायला सवड कोणाला होती? मेलं तर रविवारी पुन्हा किनाऱ्यावर जायचं. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की बापाच्या पुस्तकांनी आणलेल्या या फौजेने किनाऱ्यावरची ती डबकी लुटून ओसाड केली, आणि याचं दुःख खुद्द बापालाही होतं. टाकीत चुकीचा सोबती निवडला तर दोन मासे मरतात. फॅशन म्हणून हजारो टाक्या भरल्या तर किनारा मरतो. हा धागा मी पुढे पुन्हा हाती घेणार आहे.

उष्ण प्रदेशातले मासे युरोपात आले आणि भांडणं सुरू झाली. १८६९ साली पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए या माणसाच्या हाती चीनहून आलेले काही मासे पडले. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे, लांब झुपकेदार परांचे. हा मासा पाण्यावर तोंड काढून हवाही श्वासात घेऊ शकतो, म्हणून इतक्या लांबच्या प्रवासात काही जीव वाचले. कार्बोनिएने त्यांची पैदास केली. गोल्डफिशनंतर युरोपच्या घरात शिरलेला हा पहिला परदेशी शोभिवंत मासा. याला नाव मिळालं 'पॅराडाइज फिश', म्हणजे स्वर्गातला मासा. आणि स्वभाव? एका टाकीत दोन नर ठेवले तर सकाळी एकाचे पर फाटलेले. नावावर जाऊ नये, हे शायर मंडळींनी तरी ध्यानात ठेवावं.

त्याचाच नातलग म्हणजे आपल्याकडे दुकानदार ज्याला नुसतं 'फायटर' म्हणतात तो. सयामच्या राजाने १८४० साली थिओडोर कँटर या डॉक्टरला हे मासे दिले. कँटर मूळचा डॅनिश, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालकडे असलेला. १८४९ साली त्याने लिहिलं, की सयामात या माशांच्या झुंजींवर लोक पैजा लावतात आणि झुंजी भरवण्याच्या परवान्यातून राजाच्या तिजोरीत चांगला महसूल जमतो. 'बेटा स्प्लेंडेन्स' हे आजचं शास्त्रीय नाव त्याला पुढे १९१० साली चार्ल्स टेट रीगन याने दिलं. तेव्हा हा मासा रानटी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने निवडून, वेचून भांडखोर केलेला. क्रॉफर्ड मार्केटात बाटल्यांची रांग लावून मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घातलेले आपण पाहतो ना, ते पुठ्ठे काढले तर हे पैलवान काचेवरच धडका देत राहतील. त्यांचा गुन्हा म्हणावा तर अर्धा आपला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आणि अमेरिकेत हा छंद जोरात फोफावला. विजेचे हीटर नव्हते तेव्हा टाकीच्या बुडाखाली गॅसची बारीक ज्योत किंवा स्पिरिटचा दिवा ठेवत. १९३५ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम इनेसने 'एक्झॉटिक ॲक्वेरियम फिशेस' हे पुस्तक काढलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. वेगवेगळ्या देशांतले शांत मासे एकाच टाकीत ठेवायचे, ही 'कम्युनिटी टँक'ची कल्पना अशा पुस्तकांतून घराघरात गेली. त्याच सुमारास पेरूकडच्या ॲमेझॉनच्या पाण्यातून एक मासा आला. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळ्या दिव्यासारखी रेघ, शेपटीकडे लाल. १९३६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि इनेसचंच नाव त्याला दिलं गेलं. हा नियॉन टेट्रा. शांत मासा म्हणतात तो हाच. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि म्हणूनच चुकीच्या शेजाराचा पहिला बळी.

आमच्या इमारतीत सहावीतली एक मुलगी आहे. तिच्या वाढदिवसाला वडिलांनी दोन फुटी टाकी आणली आणि त्याच संध्याकाळी दुकानातून पिशव्यांमध्ये मासे: दोन गोल्डफिश, दहा नियॉन, तळहाताएवढ्या दोन एंजल, चार टायगर बार्ब, एक फायटर आणि काच साफ करायला म्हणून एक 'सकर'. दुकानदार म्हणाला, सगळे पीसफुल आहेत, साहेब. पोरगी हिशेबी. तिने वहीच्या मागच्या पानावर रोज सकाळची मोजदाद ठेवली. तिसऱ्या दिवशी नियॉन आठ. चौथ्या दिवशी सहा. फायटरची शेपटी झाडूसारखी. पाचव्या दिवशी पाणी दुधाळ, गोल्डफिश वर येऊन तोंड उघडतायत. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि तिने एकच विचारलं, "काका, मेले असते तर दिसले असते ना? मग नियॉन गेले कुठे?"

ते एंजलच्या पोटात गेले होते. एंजल मासा त्याच ॲमेझॉनचा, त्यालाही नियॉनसारखंच मऊ, उबदार पाणी लागतं. दिसायला देवदूत, चालायला खानदानी. पण नदीत तो ज्या लहान माशांवर जगतो त्यांत नियॉनचे भाऊबंद असतात. गाव एक, पाणी एक, हवामान एक, आणि तरीही शेजार घातकी. पुस्तकं सांगतात तो 'तोंडात मावेल तो खाद्य' हा नियम पीसफुल माशालाही लागू आहे. भूक म्हणजे भांडण नव्हे, हे त्या मुलीला पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. एंजल रागावलीच नव्हती.

टायगर बार्बचं प्रकरण उलटं. तो गिळत नाही, कुरतडतो. लांब, झुलते पर पाहिले की त्याला चैन पडत नाही. हा झुंडीने राहणारा मासा. आठ-दहांच्या घोळक्यात असला तर आपसातल्या मानपानातच गुंतून राहतो, आणि चारच असले की रिकामपण शेजाऱ्यावर काढतो. म्हणजे इथे औषध मासे कमी करणं हे नव्हे, त्याच जातीचे वाढवणं हे आहे. दुकानात जोडी-जोडीने मासे घेणाऱ्या आपल्या लोकांना हे विचित्र वाटतं. नियॉन, झेब्रा, कोरी हे सगळे असेच. सहाच्या खाली ठेवले की भेदरून कोपऱ्यात बसतात. 'सकर' तर आणखी फसवा. बोटभर आणतात, तो फूटभर होतो, चपट्या संथ माशांच्या अंगाचा बुळबुळीत थर चोखतो, आणि मग कंटाळून लोक तो तळ्यात-नदीत सोडून देतात. भारतातल्या अनेक नद्या-तळ्यांत तो आता उपद्रव होऊन बसला आहे.

राहिलं दुधाळ पाणी. इथे मला पुन्हा वॉरिंग्टनच्या घरी जावं लागतं. वॉरिंग्टनला वाटलं होतं मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांत हिशेब पुरा झाला. पुढे शंभर वर्षं लोक 'समतोल टाकी'चं हेच गणित घोकत राहिले. १९४९ साली जेम्स ॲट्झ या अमेरिकन अभ्यासकाने त्या समजुतीला 'मिथक' म्हटलं. टाकीतला प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून येतो, चार रोपांतून नव्हे. पण त्या भांड्यात चौथा एक भाडेकरूही होता, जो कोणी सोडला नव्हता आणि कोणाला दिसत नव्हता. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो; तो जहर आहे. वाळूत, दगडावर वस्तीला आलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. मातीत हे काम दोन निरनिराळ्या जातींचे जीव दोन पायऱ्यांत करतात, हे दाखवून देणाऱ्यांत रोथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेतला एक रसायनतज्ज्ञ होता. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. पहिल्याचाच मुलगा, जन्म १८३८. बापाने गोल्डफिश भांड्यात सोडले तेव्हा तो अकराएक वर्षांचा असेल. बापाच्या टाकीतल्या चौथ्या भाडेकरूचा पत्ता लेकाने शेतातल्या मातीत शोधला; इतकी सुंदर योजना मी कवितेत केली असती तर समीक्षकांनी ती बनावट ठरवली असती.

या जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकदम वीस मासे सोडले तर शेजारी कितीही सज्जन असोत, सगळे एकाच जहरात गुदमरतात. त्या मुलीच्या टाकीतलं निम्मं मरण या घाईचं होतं. एंजल आणि टायगर दुकानदाराने परत घेतले. सकर एका ओळखीच्यांच्या सहा फुटी टाकीत गेला. फायटरला वेगळी बरणी मिळाली आणि त्याची शेपटी दोन महिन्यांत पुन्हा भरली. गोल्डफिश वाचले नाहीत. तो मुळात गार पाण्याचा मासा, आणि आपल्या मुंबईच्या एप्रिलात साधं नळाचं पाणीही त्याला कढत वाटतं.

आता भांडणाकडे वळतो. मासा कोणाशी भांडतो, या प्रश्नावर विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या माणसांनी काम केलं. हॉलंडच्या लायडनमध्ये निको टिनबर्गन स्टिकलबॅक नावाचा छोटा काटेरी मासा पाळत असे. विणीच्या दिवसांत नराचं पोट लाल होतं, तो तळाशी घरटं करतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. टिनबर्गनने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: खिडकीतल्या टाकीतले नर रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली की तिच्या रोखाने हल्ल्याचा पवित्रा घेत. त्याने मग लाल पोटाचे ओबडधोबड नमुने करून पाहिले. हुबेहूब माशासारख्या पण लाली नसलेल्या नमुन्याकडे नर दुर्लक्ष करत आणि बेढब पण लाल नमुन्यावर तुटून पडत. पुढच्या अभ्यासांत हे इतकं सरळ नाही असंही दिसलं, पण मुद्दा पाळणाऱ्याच्या कामाचा आहे. मासा शेजाऱ्यात शत्रू नाही, स्वतःची आठवण शोधतो.

दुसरा माणूस ऑस्ट्रियाचा कॉनराड लोरेन्झ. प्रवाळातल्या भडक रंगाच्या माशांना टाकीत ठेवून त्याने चावे मोजले आणि १९६३ सालच्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात लिहिलं, की मासा परक्या जातीपेक्षा आपल्याच जातीच्या माशाला कितीतरी जास्त चावतो. कारण तेच खाद्य, तीच कपार, तीच मादी त्यालाही हवी असते. म्हणून टाकीत एकाच थरात राहणारे, सारख्या रंगाचे, सारख्या घडणीचे दोन दांडगे नर नकोत. वरच्या पाण्यात एक, मधल्या पाण्यात दुसरा घोळका, तळाला वाळू हुंगणारे कोरी. अशी मजल्यांची वाटणी केली की निम्मे तंटे मिटतात. लोरेन्झचा आणखी एक इशारा मला आवडतो: टाकी सुंदर जमली की 'अजून एकच मासा' आणायचा मोह होतो, आणि त्या एकानेच सगळं कोसळतं.

इथपर्यंत आलो की ओळखीचे लोक मला म्हणतात, तुम्ही कवी, यावर माणसांचं एक छान रूपक करा ना. मी ते करत नाही. मुंबईत भाड्याचं घर शोधत हिंडलेल्या, आणि माझ्यासारखं आडनाव असलेल्या माणसाला 'तुमचं आमचं जमायचं नाही' हे वाक्य पाठ असतं. एका सोसायटीच्या सचिवांनी मला ते फार गोड शब्दांत ऐकवलं होतं. त्यांच्या दिवाणखान्यात चार फुटी टाकी होती आणि तीत तीन खंडांतले मासे सुखाने नांदत होते. पण म्हणून मी टाकीकडे बोट दाखवणार नाही. लोरेन्झने ते करून पाहिलं होतं. १९३८ साली तो नाझी पक्षाचा सभासद झाला आणि १९४० साली त्याने पाळीव प्राण्यांच्या बिघडण्यावरून मानववंशाच्या 'शुद्धी'चे निष्कर्ष काढणारा लेख लिहिला. त्याच युद्धात टिनबर्गन ज्यू सहकाऱ्यांच्या हकालपट्टीला विरोध करणाऱ्यांबरोबर राहिला आणि दोन वर्षं जर्मनांच्या छावणीत ओलीस म्हणून बंद होता. युद्धानंतर दोघांनी मैत्री पुन्हा जोडली आणि १९७३ साली कार्ल फॉन फ्रिशसह नोबेल वाटून घेतलं. माशांचं शास्त्र दोघांचंही खरं होतं. माणसांविषयी एकाने जे काढलं ते घातकी होतं. काचेपलीकडचं काचेपलीकडे राहू द्यावं.

आता आपल्याकडे येऊ. गप्पी हा आपल्याकडे सगळ्यात ओळखीचा शांत मासा, तोही दुकानापेक्षा आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' या ओळीमुळे. तो गप्प राहतो म्हणून गप्पी, असं मला लहानपणी वाटे. प्रत्यक्षात १८६६ साली त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला हे मासे पाठवणाऱ्या लेचमेअर गप्पी या गृहस्थाचं ते आडनाव. आणि मुंबईकरांना समुद्राच्या माशांची ओळख करून दिली ती १९५१ साली मरिन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने, एका पारशी दात्याच्या देणगीच्या आधाराने. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं. जवळजवळ सगळे मासे वेगवेगळ्या काचांमागे का, असं आम्ही विचारलं तेव्हा तिथला शिपाई म्हणाला, "एकत्र ठेवले तर तुम्ही उद्या याल तेव्हा एकच दिसेल, आणि तो जाडा असेल."

पण आपल्या नद्यांतच उत्तम शेजारी आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८२२ साली गंगेतल्या माशांवर मोठा ग्रंथ छापला. त्याने माशांची स्थानिक नावंच लॅटिन करून टाकली. बंगाल्यांची 'पुंटी' पुंटियस झाली, 'खोलिशा' कोलिसा झाली. तांबूस खोलिशाच्या 'लालियस' या नावात आपला 'लाल' सरळ ऐकू येतो. 'धानी' हा भाताच्या खाचरातला मासा डॅनिओ झाला. तोच झेब्रा मासा. निळे-पिवळे पट्टे, घोळक्याने पळणारा, गार-गरम दोन्ही पाणी सोसणारा, कोणाला न छळणारा. फार तर त्याच्या धावपळीने एखादा लाजाळू मासा जेवायला मागे राहतो. जगभरच्या प्रयोगशाळांत अनुवंशशास्त्रासाठी आज हाच भातखाचरातला जीव लाखोंनी पाळला जातो.

आणि सह्याद्रीतला एक. केरळच्या वेगवान, थंड ओढ्यांतला, चंदेरी अंगावर काळी-तांबडी रेघ असलेला मासा. १८६५ साली फ्रान्सिस डे याने मद्रासचा गव्हर्नर डेनिसन याचं नाव त्याला दिलं. बाजाराने त्याला 'मिस केरळ' केलं. दिसायला देखणा, घोळक्यात शांत, म्हणून कम्युनिटी टँकसाठी परदेशात त्याला प्रचंड मागणी आली. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या जातींचे पंधरा लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी बाहेर गेल्याची नोंद संशोधकांनी केली, आणि त्यांत या माशाचा वाटा मोठा होता. केरळ सरकारने २००८ साली त्याच्या पकडीवर बंधनं घातली. जागतिक यादीत तो 'संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. २०१३ साली त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली, 'सह्याद्रिया'. ते नाव देणाऱ्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. गॉसच्या किनाऱ्याचा धागा मी म्हणालो तो हा. शांत म्हणून निवडला गेला, आणि निवडला गेला म्हणूनच ओढ्यातून कमी झाला.

कुर्ल्याच्या बाजारात त्या सहावीतल्या मुलीने हाच मासा पाहिला आणि हट्ट धरला. दुकानदार म्हणाला, एकदम शांत, दोन घेऊन जा. मी तिला विचारायला लावलं: पैदास केलेला, की ओढ्यातून आणलेला? त्याला ते सांगता येईना. मग आम्ही हिशेब मांडला. हा वीतभर वाढतो, सहा तरी लागतात, चार फुटी टाकी हवी, वाहतं गार पाणी हवं. तिची टाकी दोन फूट. तिने वही काढली आणि लिहून आणलेली जुनी यादी पुन्हा वाचली: झेब्रा सहा, खोलिशाची एक जोडी, कोरी सहा, एका वेळी एकच जात, मध्ये दोन-दोन आठवडे. खालच्या ओळीत पेन्सिलीने होतं: गोगलगायी पाच. त्या दुकानदाराने फुकट दिल्या, रोपांबरोबर आपोआप येतात म्हणाला.